एचआयव्हीविषयक चळवळीचा इतिहास व अनुबोधपट

मानवी प्रतिरक्षा-न्यूनताकारक व्हायरस (एचआयव्ही) आणि त्याच्या संसर्गाची प्रगत अवस्था म्हणजे एड्स यांना तोंड देणाऱ्या व्यक्तींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार, समान वागणूक आणि कायद्याचे संरक्षण मिळविण्यासाठी जे संघटित प्रयत्न केले, त्यांचा वृत्तांत अनुबोधपटाद्वारे जतन करण्याची व तो समाजापुढे मांडण्याची पद्धती. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात अमेरिकेत तिचा प्रारंभ झाला. पुढे दक्षिण आफ्रिका, भारत इ. देशांत तिला निरनिराळी रूपे लाभली. भारतातील या चळवळीचे काही निर्णायक प्रसंग महाराष्ट्र व गोवा या प्रदेशांत घडले असल्यामुळे हा विषय वैद्यक व चित्रपटकला यांच्याइतकाच मराठी भाषिकांच्या अलीकडील सामाजिक इतिहासाचाही आहे.

स्वरूप व प्रयोजन : ‘डॉक्युमेंटरी’ ही संज्ञा जॉन ग्रीअर्सन यांनी १९२६ मध्ये रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या ‘मोआना’ या चित्रपटाचे परीक्षण करताना वापरली. मराठीत तिला ‘अनुबोधपट’ ही संज्ञा रूढ झाली. एचआयव्हीविषयक अनुबोधपटांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात रोगप्रतिबंधाची माहिती देणारे प्रचारात्मक पट येतात. त्यांत प्रेक्षक हा संभाव्य रुग्ण मानलेला असतो आणि संसर्ग कसा टाळावा, हे त्याला सांगितले जाते. दुसऱ्या वर्गात चळवळीचा इतिहास सांगणारे पट येतात. त्यांत बाधित व्यक्ती ही आपले हक्क मागणारा नागरिक म्हणून पडद्यावर येते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसऱ्या वर्गाचा विचार केला आहे.

बहुतेक सामाजिक चळवळींचा इतिहास सभांची इतिवृत्ते, ठराव, पत्रव्यवहार, वृत्तपत्रे व पुढाऱ्यांची आत्मचरित्रे यांच्या आधारे लिहिला जातो. एचआयव्हीविषयक चळवळीच्या बाबतीत ही साधने अपुरी पडतात. याची तीन कारणे संभवतात. पहिले असे, की व्हायरसाला रोखणाऱ्या अनेक औषधांची परिणामकारक संयुक्त उपचारपद्धती १९९६ च्या सुमारास प्रचारात आली. त्यापूर्वीचे अनेक कार्यकर्ते ऐन तारुण्यात मरण पावले आणि आठवणी लिहिण्याइतका अवधी त्यांना मिळाला नाही. दुसरे कारण सामाजिक कलंकाचे होय. नोकरी, घर व नातेसंबंध टिकविण्यासाठी अनेकांना आपले नाव लपवावे लागले. त्यामुळे न्यायालयीन कागदपत्रांतही व्यक्तींच्या नावांच्या जागी अक्षरे आढळतात. तिसरे कारण असे, की या चळवळीतील पुष्कळशा व्यक्ती देहव्यवसायातील स्त्रिया, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, शिरेतून अमली पदार्थ घेणारे अशा समूहांतील होत्या. लेखी साधनांत त्यांची नोंद झालीच, तर ती बहुधा पोलिसांच्या वा रुग्णालयाच्या दप्तरात आणि दुसऱ्याच्या शब्दांत झाली.

अशा परिस्थितीत चित्रफितीवरील साक्ष हे इतिहासाचे एक प्रमुख साधन ठरते. तीत बोलणाऱ्याचा चेहरा, बोली, स्वर व मध्येच थांबणे या गोष्टीही नोंदल्या जातात. मात्र ज्या गुणामुळे ही साक्ष मोलाची ठरते, त्याच गुणामुळे ती देणाऱ्याला धोकाही पोहोचतो. कारण पडद्यावरील चेहरा ओळखला जातो. या प्रकारच्या अनुबोधपटांसमोरील महत्त्वाचे प्रश्न मुख्यतः याच विरोधातून निर्माण झाले आहेत.

परदेशांतील प्रारंभ व विकास : न्यूयॉर्क येथे मार्च १९८७ मध्ये ‘ॲक्ट अप’ या संघटनेची स्थापना झाली. औषधांच्या चाचण्यांना लागणारा विलंब, औषधांच्या भरमसाट किमती व शासनाची उदासीनता यांविरुद्ध तिने निदर्शने केली. हातात धरून वापरता येणारे व्हिडिओ कॅमेरे याच सुमारास सामान्यांच्या आवाक्यात आले होते. संघटनेच्या सदस्यांनी त्यांच्या साहाय्याने सभा, मोर्चे व अटका यांचे चित्रण केले. १९८९ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी ‘दिवा टीव्ही’ हा चित्रण-गट स्थापन केला. कॅमेरा समोर असताना पोलीस संयमाने वागतात, असा अनुभव आल्याने या चित्रणाला आत्मसंरक्षणाचाही हेतू होता. त्याच वर्षी रॉब एपस्टाइन व जेफ्री फ्रीडमन यांचा ‘कॉमन थ्रेड्स : स्टोरीज फ्रॉम द क्विल्ट’ हा अनुबोधपट प्रदर्शित झाला. मृतांच्या आप्तेष्टांनी त्यांच्या नावांचे कापडी तुकडे जोडून शिवलेल्या विशाल गोधडीभोवती त्याची रचना केलेली असून त्याला ऑस्कर पारितोषिक लाभले.

पुढे सु. २५ वर्षांनी या हौशी चित्रणाचे ऐतिहासिक मूल्य स्पष्ट झाले. २०१२ मध्ये डेव्हिड फ्रान्स यांचा ‘हाउ टू सर्व्हाइव्ह अ प्लेग’ आणि जिम हबर्ड यांचा ‘युनायटेड इन अँगर : अ हिस्टरी ऑफ ॲक्ट अप’ असे दोन अनुबोधपट प्रसिद्ध झाले. दोन्हींचा विषय एकच संघटना असून दोन्हींत कार्यकर्त्यांनी टिपलेल्या जुन्या चित्रफितींचा वापर आहे. तथापि पहिल्यात औषधसंशोधनाचा अभ्यास करून शास्त्रज्ञांशी वाटाघाटी करणाऱ्या मोजक्या व्यक्तींना प्राधान्य मिळाले आहे, तर दुसऱ्यात स्त्रिया, कृष्णवर्णीय व निर्धन कार्यकर्ते यांचा सहभाग ठळकपणे येतो. साधने जवळजवळ समान असूनही संकलनाच्या निवडीमुळे इतिहास कसा बदलतो, याचे हे बोलके उदाहरण होय. हबर्ड व लेखिका सेरा शुलमन यांनी या संघटनेच्या मौखिक इतिहासाचा प्रकल्पही चालविला. त्यात १८७ मुलाखती चित्रित करण्यात आल्या. संकलित पटाबरोबर मूळ साक्षीही अखंड स्वरूपात उपलब्ध ठेवण्याचा पायंडा या प्रकल्पाने दृढ केला.

दक्षिण आफ्रिकेत उपचारांच्या हक्कासाठी १९९८ मध्ये ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ ही संघटना स्थापन झाली. तिचे एक नेते झॅकी अकमत यांनी सर्वसामान्यांना औषधे मिळेपर्यंत स्वतः ती न घेण्याचा निर्धार केला होता. ब्रायन टिली यांच्या ‘इट्स माय लाइफ’ (२००१) या पटात या निर्धाराचे दर्शन घडते. हा पट दक्षिण आफ्रिकी प्रदेशातील ‘स्टेप्स फॉर द फ्यूचर’ या मालिकेतील होता. या मालिकेचे वैशिष्ट्य तिच्या वितरणात आढळते. फिरत्या चित्रपटगृहांतून स्थानिक भाषांत खेळ करणे व खेळानंतर चर्चा घडवून आणणे यांवर तिच्यात भर होता. टेबोहो एडकिन्स यांच्या ‘आस्क मी, आय अॅम पॉझिटिव्ह’ (२००४) या पटात लेसोथो या डोंगराळ देशातील तीन बाधित तरुण पडदा व प्रक्षेपक घेऊन खेडोपाडी जातात आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे देतात. साक्ष देणारा व ती दाखविणारा येथे एकच झाला.

भारतातील चळवळीची पार्श्वभूमी : भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नई (तत्कालीन मद्रास) येथे सुनीती सोलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या संशोधनातून उघडकीस आला. सुनीती सोलोमन या मूळच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने ‘वाय. आर. गायतोंडे’ एड्स संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन केले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

हक्कांच्या प्रश्नाला गोव्यात तोंड फुटले. गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य अधिनियमातील एका तरतुदीनुसार एचआयव्हीबाधित व्यक्तीला सक्तीने अलग ठेवता येत असे. जागतिक वन्यजीव निधीच्या गोव्यातील कार्यालयात काम करणारे डॉमिनिक डिसोझा हे नियमित रक्तदाते होते. रक्ततपासणीत संसर्ग आढळल्यावर फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि म्हापसा येथील क्षयरोग्यांच्या जुन्या आरोग्यधामात एकांतात ठेवले. ते ६४ दिवस स्थानबद्ध होते. त्यांच्या आई ल्यूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे याचिका केली. त्यांच्या बाजूने आनंद ग्रोव्हर यांनी काम पाहिले. डॉमिनिक यांची सुटका झाली. परंतु अलगतेची तरतूद घटनाबाह्य ठरविण्यास न्यायालयाने अंतिम निकालात नकार दिला. डिसोझा यांनी १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेचा पाया घातला व त्याच वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. एका व्यक्तीने नाव न लपविता शासनाला जाब विचारण्याचे भारतातील हे आरंभीचे उदाहरण होय.

महाराष्ट्रात चळवळीने दोन मार्ग अनुसरले. सांगली येथे मीना शेषू यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये ‘संग्राम’ (संपदा ग्रामीण महिला संस्था) हिचे कार्य सुरू झाले. देहव्यवसायातील स्त्रियांनीच आपल्या वस्तीत निरोधचे वाटप करावे व एकमेकींना माहिती द्यावी, ही तिची कार्यपद्धती होती. तीतून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही या स्त्रियांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. रोगाचा ‘फैलाव करणारा वर्ग’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखविले जाई, त्याच स्त्रिया रोगप्रतिबंधाच्या कार्यकर्त्या झाल्या आणि पुढे पोलिसी अत्याचार, मुलांचे शिक्षण, शिधापत्रिका इ. प्रश्नही त्यांनी हाती घेतले.

दुसरा मार्ग न्यायालयीन होता. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगाराला संसर्ग आढळल्यावर कामावरून दूर करण्यात आले. त्याच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये असा निर्णय दिला, की काम करण्यास शारीरिक दृष्ट्या सक्षम असलेल्या व इतरांना धोका न पोहोचविणाऱ्या व्यक्तीला केवळ एचआयव्हीबाधित म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. हा खटला ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या सांकेतिक नावांनी चालला. टोपणनावाने दाद मागण्यास न्यायालयाने दिलेल्या मुभेमुळे पुढील अनेकांना न्यायालयाची पायरी चढणे शक्य झाले. मात्र हा लढा लढणाऱ्या कामगाराचे नाव इतिहासाला अज्ञात राहिले.

याच काळात औषधांच्या किमतींचा प्रश्न ऐरणीवर आला. भारताच्या १९७० च्या एकस्व (पेटंट) अधिनियमात औषधी पदार्थांवर एकस्व दिले जात नसे. फक्त निर्मितिप्रक्रियेवर ते मिळे. त्यामुळे भारतीय कंपन्यांना तीच औषधे वेगळ्या प्रक्रियेने बनविता येत. १९३५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिप्ला या कंपनीचे प्रमुख युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचा संयुक्त उपचार एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरना देऊ केला. पाश्चात्त्य देशांत त्याच उपचाराला तेव्हा वर्षाकाठी सु. १० ते १५ हजार डॉलर पडत. भारतात शासनातर्फे विनामूल्य उपचारांचा कार्यक्रम १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. २००५ मध्ये एकस्व अधिनियमात दुरुस्ती होऊन औषधी पदार्थांवरही एकस्व देण्यास सुरुवात झाली. तेव्हा बाधितांच्या संघटनांनी काही औषधांच्या एकस्व-अर्जांना हरकती घेतल्या. पुढे एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला.

भारतीय अनुबोधपट : वर उल्लेखिलेल्या इतिहासाचे वेगवेगळे भाग काही पटांतून नोंदले गेले आहेत. शोहिनी घोष यांचा ‘टेल्स ऑफ द नाइट फेअरीज’ (२००२) हा पट कोलकात्यातील ‘दुर्बार महिला समन्वय समिती’च्या सदस्यांच्या कथनांवर आधारलेला आहे. सोनागाछी या वस्तीत १९९२ मध्ये सुरू झालेल्या एचआयव्ही-प्रतिबंधक प्रकल्पातून ही समिती उदयास आली. पटात देहव्यवसाय करणाऱ्या चार स्त्रिया व एक पुरुष आपले जीवन व संघटनेची वाटचाल उघडपणे सांगतात. दयेचा सूर टाळून कथन करणाऱ्यांचा विनोद व आत्मविश्वास जसाच्या तसा ठेवणे, हा या पटाचा विशेष होय. सांगलीच्या कार्याशी त्याचे वैचारिक नाते स्पष्ट दिसते.

डिलन मोहन ग्रे यांचा ‘फायर इन द ब्लड’ (२०१३) हा औषधांच्या लढ्याचा सर्वांत विस्तृत चित्रपटीय इतिहास म्हणता येईल. अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात तो प्रथम दाखविण्यात आला. आफ्रिकेतील लक्षावधी रुग्ण औषधांअभावी मरत असताना बहुराष्ट्रीय कंपन्या व पाश्चात्त्य शासने यांनी स्वस्त औषधांचा मार्ग कसा अडविला आणि कार्यकर्ते, डॉक्टर व भारतीय उत्पादक यांच्या सहकार्याने तो कसा मोकळा झाला, याचे विवेचन त्यात आहे. हमीद, अकमत, युगांडाचे डॉक्टर पीटर मुगेन्यी इ. व्यक्तींच्या प्रत्यक्ष साक्षी त्यात येतात. मुंबईतील एका औषधनिर्मात्याचा निर्णय व आफ्रिकेतील एका रुग्णाचे जगणे यांतील संबंध हा पट प्रेक्षकाला दृश्य रूपात दाखवितो. एकस्वाच्या कायद्यासारखा रूक्ष विषयही अनुबोधपटाला हाताळता येतो, हे त्याने सिद्ध केले.

प्रिया गिरी देसाई व ॲन किम यांच्या ‘लव्हसिक’ (२०१७) या पटाचा विषय सुनीती सोलोमन यांचे कार्य हा आहे. औषधांमुळे आयुर्मान वाढल्यावर बाधितांना विवाहाची इच्छा होऊ लागली. परंतु संसर्ग लपवून विवाह करणे अनुचित व तो सांगून करणे कठीण, अशी त्यांची कोंडी झाली. सोलोमन यांनी बाधितांसाठी वधूवर-सूचनेचे काम आरंभिले. कुंडल्यांऐवजी रक्तचाचण्यांचे अहवाल जुळविणाऱ्या या वृद्ध डॉक्टरच्या चित्रणातून चळवळीचा पुढचा टप्पा, म्हणजे मरणाशी झुंज संपून सामान्य जगण्याचा हक्क मागण्याचा टप्पा, लक्षात येतो.

समलिंगी व्यक्तींच्या चळवळीचा इतिहास एचआयव्हीविषयक कार्याशी निगडित आहे. मुंबईत ‘हमसफर ट्रस्ट’ ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाला आव्हान देणारी २००१ मधील याचिका ‘नाझ फाउंडेशन’ या एचआयव्हीक्षेत्रातील संस्थेने केली होती. कारण या कलमाच्या धाकामुळे रोगप्रतिबंधाच्या कामात अडथळे येत. मुंबईचे दिग्दर्शक श्रीधर रंगायन यांनी ‘प्रोजेक्ट बोलो’ या मुलाखतमालेत ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या आठवणी चित्रित केल्या आणि ‘ब्रेकिंग फ्री’ (२०१५) या पटात कलम ३७७ विरुद्धच्या लढ्याचा मागोवा घेतला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते हे कलम रद्दबातल ठरविले.

डॉमिनिक डिसोझा यांच्या जीवनावरून सुचलेला ओनीर यांचा ‘माय ब्रदर... निखिल’ (२००५) हा कथापट आहे. गोव्याची पार्श्वभूमी व स्थानबद्धतेचा प्रसंग त्यात असला, तरी त्याचा नायक एक काल्पनिक जलतरणपटू आहे. कथापटामुळे हा प्रसंग दूरवर पोहोचला. पण आईने केलेली याचिका, न्यायालयाने मान्य व अमान्य केलेल्या गोष्टी व संस्थेची उभारणी यांचा तपशील समजून घेण्यासाठी कागदपत्रे व साक्षी यांकडेच वळावे लागते. कथापट व अनुबोधपट यांच्या कार्यातील भेद येथे दिसून येतो.

ओळख, संमती व कायदा : २०१७ च्या अधिनियमानुसार एखाद्या व्यक्तीची एचआयव्हीविषयक स्थिती तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय उघड करता येत नाही. न्यायालयीन कामकाजातही ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. अनुबोधपटाच्या संदर्भात माहितीपूर्ण संमतीचा अर्थ व्यापक घ्यावा लागतो. पट कोठे दाखविला जाईल, तो दूरचित्रवाणीवर वा आंतरजालावर जाईल काय, आपल्याच तालुक्यात तो पोहोचेल काय, या गोष्टी कॅमेऱ्यापुढे बसणाऱ्याला आधी कळावयास हव्यात. अंकीय माध्यमांमुळे एकदा प्रसृत झालेले चित्रण मागे घेणे जवळजवळ अशक्य झाले आहे. संमती देणाऱ्याच्या मुलांवर होणारा परिणाम हाही विचारात घ्यावा लागतो. कारण आईने किंवा वडिलांनी दिलेली संमती प्रत्यक्षात मुलांचीही ओळख उघड करते.

ओळख लपविण्यासाठी चेहरा धूसर करणे, पाठमोरे चित्रण, आवाजात बदल, केवळ हातांचे चित्रण इ. उपाय योजले जातात. ते आवश्यक असले, तरी त्यांचा एक दोष आहे. धूसर केलेला चेहरा प्रेक्षकाला गुन्हेगाराच्या चित्रणाची आठवण करून देतो व त्यामुळे लज्जेची भावना दृढ होण्याचा संभव असतो. यावर काही दिग्दर्शकांनी रेखाचित्रे, वस्तू, पत्रे किंवा नटाच्या मुखातून केलेले कथन यांचा आश्रय घेतला आहे. चळवळीतील अनेकांनी मात्र चेहरा दाखविणे हीच आपली राजकीय भूमिका मानली. दोन्ही निर्णयांचा अधिकार साक्ष देणाऱ्याचा असतो, दिग्दर्शकाचा नव्हे.

ग्रामीण जिल्हा व अनुबोधपट : यवतमाळचे उदाहरण : आतापर्यंत उल्लेखिलेल्या भारतीय पटांतील घटना मुख्यत्वे मुंबई, कोलकाता व चेन्नई या महानगरांशी निगडित आहेत. विदर्भातील यवतमाळसारख्या जिल्ह्यात या इतिहासाला वेगळे संदर्भ प्राप्त होतात. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सु. २७.७२ लाख असून तीत ग्रामीण लोकसंख्येचे प्रमाण तीनचतुर्थांशाहून अधिक आहे. कापूस हे येथील प्रमुख पीक असून वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. देशाच्या उत्तर व दक्षिण भागांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ (पूर्वीचा क्र. ७) पांढरकवडा येथून जातो. मालमोटारींची वाहतूक, खाणी व हंगामी स्थलांतर यांचा एचआयव्हीच्या प्रसाराशी असलेला संबंध देशभर आढळून आला आहे. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिव्हायरस उपचारांचे केंद्र आहे. गोव्यातील याचिका, मुंबईतील निकाल व सिप्लाचा देकार यांच्याशी दुर्गम तालुक्यातून औषधासाठी येणाऱ्या रुग्णाचा संबंध या केंद्रातच येतो. कारण त्याला विनामूल्य मिळणाऱ्या गोळ्यांमागे हा सर्व लढा उभा असतो. रुग्णाला मात्र बहुधा त्याची माहिती नसते.

विदर्भातील अनुबोधपटांचा ठळक विषय शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा राहिला आहे. दीपा भाटिया यांचा पत्रकार पी. साईनाथ यांच्या कार्यावरील ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) आणि नंदन सक्सेना व कविता बहल यांचा ‘कॉटन फॉर माय श्राउड’ (२०११) ही त्याची परिचित उदाहरणे होत. या पटांशी तुलना केल्यास एचआयव्हीविषयक पटांची अडचण स्पष्ट होते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीला शासकीय साहाय्य मिळविण्यासाठी पतीच्या मृत्यूचे कारण जाहीरपणे सिद्ध करावे लागते. त्यामुळे ती कॅमेऱ्यापुढेही नावानिशी बोलू शकते व समाजाची सहानुभूती तिला लाभते. एड्समुळे पती गमावलेल्या स्त्रीने मृत्यूचे कारण सांगितले, तर दोष तिच्याच माथी मारला जाण्याची, घराबाहेर काढले जाण्याची व मुलांच्या सोयरिकीत बाधा येण्याची भीती तिला असते. दोघींपुढे शेतजमीन, कर्ज व मुलांचे पालनपोषण हेच प्रश्न असतात. परंतु एकीचे दुःख सार्वजनिक, तर दुसरीचे गुप्त ठरते. २०१७ च्या अधिनियमाने बाधित व्यक्तीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क त्याची माहिती असल्याशिवाय बजावता येत नाही आणि ती माहिती विचारण्यासाठीही पुष्कळदा आपली स्थिती उघड करावी लागते. ही कोंडी फोडण्याचे एक साधन म्हणून अनुबोधपटाचा उपयोग होतो. सार्वजनिक खेळात प्रेक्षकाला स्वतःविषयी काहीही न सांगता दुसऱ्याच्या लढ्यातून आपल्या हक्कांची ओळख होते.

असे खेळ परिणामकारक होण्यासाठी काही गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली गोष्ट भाषेची होय. या जिल्ह्यात मराठीच्या वऱ्हाडी बोलीबरोबरच बंजारा, गोंडी व कोलामी या भाषा बोलल्या जातात. वर उल्लेखिलेल्या बहुतेक पटांतील निवेदन वा उपशीर्षके इंग्रजीत असल्याने स्थानिक भाषेतील निवेदनाशिवाय त्यांचा उपयोग होत नाही. दुसरी गोष्ट स्थळाची. जत्रा, आठवडी बाजार, बचतगटांच्या सभा इ. ठिकाणी इतर विषयांबरोबर पट दाखविल्यास कोण आला व का आला, याची चर्चा होत नाही. केवळ एचआयव्हीसाठी भरविलेल्या खेळाला जाणे हेच ओळख उघड होण्याचे निमित्त ठरू शकते. जत्रांतील तंबूच्या चित्रपटगृहांची परंपरा महाराष्ट्रात जुनी असल्याने ही पद्धत लोकांना अपरिचित नाही. तिसरी गोष्ट चर्चेची. लेसोथोप्रमाणे खेळानंतर प्रश्नोत्तरे ठेवताना माहीतगार समुपदेशक उपस्थित असणे व कोणाही प्रेक्षकाला स्वतःविषयी बोलण्यास भाग न पाडणे महत्त्वाचे असते.

मर्यादा व मूल्यमापन : अनुबोधपट हा इतिहासाला पर्याय ठरू शकत नाही. संकलनात बहुतांश चित्रण वगळले जाते व बोलके, धीट, शहरी कार्यकर्ते पडद्यावर अधिक जागा व्यापतात. स्मृती कालांतराने बदलत असल्याने साक्षींचा पडताळा निकालपत्रे, शासकीय आदेश व समकालीन वृत्ते यांच्याशी घ्यावा लागतो. विजयाची कथा रंगविताना पराभव गाळण्याकडेही कल असतो. गोव्यातील खटल्यात सुटका झाली, पण कायद्याची तरतूद टिकली, हा तपशील अशा वेळी सहज निसटतो. याशिवाय चित्रफिती, विशेषतः जुन्या चुंबकीय फिती, काही दशकांत खराब होतात. त्यामुळे संस्थांच्या कपाटांतील चित्रणाचे अंकीय रूपांतर, त्यावरील व्यक्ती व दिनांक यांची नोंद आणि संमतीच्या अटींसह त्याचे अभिलेखागारात जतन या गोष्टी निकडीच्या ठरतात. ज्या व्यक्ती हयातीत ओळख उघड करू इच्छित नाहीत, त्यांच्या साक्षी ठरावीक मुदतीपर्यंत मोहोरबंद ठेवण्याची पद्धत मौखिक इतिहासाच्या क्षेत्रात रूढ आहे. तिचा अवलंब येथेही करता येतो.

या मर्यादा लक्षात घेऊनही एचआयव्हीविषयक चळवळीच्या इतिहासात अनुबोधपटाचे स्थान महत्त्वाचे राहते. न्यायालयाच्या निकालात एखादी व्यक्ती ‘एमएक्स’ म्हणून उरते आणि रुग्णालयाच्या नोंदवहीत ती एक क्रमांक होते. सुखरूप राहण्यासाठी हे गुप्तपण आवश्यक असते. परंतु त्यामुळे तिने मिळविलेल्या हक्कांचे श्रेय मात्र तिच्या नावे जमा होत नाही. साक्ष देणाऱ्याच्या संमतीने व त्याच्याच अटींवर तयार केलेला अनुबोधपट हे श्रेय त्याला परत मिळवून देऊ शकतो आणि ज्यांना तोच लढा आपल्या गावी एकट्याने लढावा लागत आहे, त्यांच्यापर्यंत तो पोहोचवू शकतो.